दगडाखालचा कोळसा

साखळी, टिपण, पोटखराब, हद्द कायम. या शब्दांवर मी जन्मभर पोट भरलं आणि आज त्यातला एखादा जिभेवर आला तरी थुंकावंसं वाटतं. लोकांना वाटतं, मोजणीवाल्याचे शब्द म्हणजे शास्त्र. कसलं डोंबलाचं शास्त्र! नालायकपणा झाकायला याहून चांगलं पांघरूण मी पाहिलं नाही.

पोलिस ॲक्शन होऊन चार-सहा वर्षं झाली असतील. मी औरंगाबादला मोजणी खात्यात नवा लागलो होतो, छावणीत खोली घेऊन राहायचो. साखळी ओढायला निजामाच्या काळापासूनचे एक म्हातारे चाचा होते. साखळीला ते जरीबच म्हणायचे. खरी विद्या मला त्यांनीच दिली. हद्दीचा दगड रोवायच्या आधी जुने मोजणीदार खड्ड्यात ओंजळभर कोळसा टाकत, कारण कोळसा मातीत कुजत नाही. "पत्थर तो कोई भी सरका देता मियाँ," चाचा म्हणाले, "नीचे का कोयला कौन सरकाता? शक आया तो खोदके देखने का."

मग वैजापूरकडच्या एका गावात मोजणी निघाली. एक विधवा बाई, तिची मोसंबीची चाळीसेक झाडं आणि एक विहीर. शेजारचा बडा खातेदार म्हणत होता, विहीर माझ्या हद्दीत येते. विहीर गेली की झाडं वाळणार, एवढं सरळ होतं. सकाळी पोचलो तर बाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी ऐटीत सांगितलं, "मोजणी होईस्तोवर आम्ही कुणाचंच पाणी घेत नसतो." आमच्यात रिवाजच होता तसा. आमचे साहेब मात्र खातेदाराच्या ओसरीवर मटणावर ताव मारून भर दुपारी शेतात उगवले. मिशीला रस्सा तसाच.

ऊन मी म्हणत होतं. टिपण, म्हणजे शेताच्या जुन्या मापांचा कच्चा नकाशा, उघडलं. सुरुवात करायची ती तीन गावांच्या शिवा मिळतात तिथल्या दगडापासून, आणि तो होता अर्ध्या कोसावर. साहेबांनी ढेकर दिला, बांधावरच्या जवळच्या दगडाकडं बोट केलं. "इथूनच धरा. एवढ्या उन्हात तिकडं कोण तडफडत जाणार!"

त्या दगडाभोवतीची माती भुसभुशीत होती. चाचांनी माझ्याकडं पाहिलं. साहेब लिंबाखाली लवंडले तसं मी पहार घेऊन दगडाच्या कडेनं हातभर उकरलं. नुसती माती. कोळशाचा कण नाही. आणि मी काय केलं? माती परत लोटली आणि वरून पाय देऊन दाबली. नोकरी कायम व्हायची होती, शेरा साहेबांच्या हातात होता. थू असल्या जिंदगानीवर! चाचांनी मान फिरवली आणि जरीब उलगडायला घेतली.

त्याच दगडापासून आम्ही मोजलं. विहीर पलीकडं गेली.

"साहेब, हीर कुणाकडं गेली वो?" बाईनं मलाच विचारलं.

"टिपणाशी मेळ घेऊन हद्द कायम केलीय, बाई. विहीर लगतच्या नंबरात पडते."

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं? नीट सांगा की."

नीट सांगायची माझी छाती झाली नाही. शेवटी साहेबच खेकसले, "गेली तुझी विहीर! त्यांची झाली आता."

ती रडेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती विहिरीकडं गेली, तांब्या भरून आणला आणि माझ्यापुढं धरला.

"आता प्या. मोजणी झाली नव्हं? आता हे माझं पाणी नाय, तुमाला चालंल."

सकाळपासून घसा कोरडा पडला होता. मी तो तांब्या सगळा प्यालो.