बुटांना करंजाचं तेल

माझे धाकटे दीर फौजेत होते, तिथं रग्बी खेळायचे बरं का. एकदा भर पावसात ते कोळवणला घरी आले, तर खेळायचे बूट पार भिजलेले. दुसऱ्या दिवशी सामना, आणि जोड एकच. त्यांनी बूट चुलीपुढं ठेवले तशा सासूबाई कडाडल्या, "चुलीपाशी चामडं? आन् तडकलं मंजी?"

"मग उद्या अनवानी खेळू व्हय, आये?"

सासूबाईंनी जन्मात चामड्याला हात लावला नव्हता. पण त्यांनी बुटांत भाताचं कोरडं तूस ठासलं, बूट पडवीत टांगले आणि सकाळी अंघोळ झाल्यावर तळव्यानं करंजाचं तेल चोळत बसल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, देवपूजा ऱ्हायलीया."

"देव थांबंल. यष्टी थांबायची न्हाई."

बूट मऊ झाले. दीर गेल्यावर सासूबाईंनी पुन्हा अंघोळ केली आणि मग देवापुढं दिवा लावला.