वैऱ्याची पाठवणी

मस्कतच्या दार्सैत भागात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या त्या गृहस्थांना ग्रीक महाकाव्यांचं वेड होतं. जिन्यात भेटले की भाजीची पिशवी खाली ठेवून सांगायचे, “अहो, त्या वीरांना मरणाची भीती नव्हती, अपमानाची होती!” स्वतःचा मानही ते तसाच जपत. ऑफिसात चारचौघांत हिणवणाऱ्या एका सहकाऱ्याशी त्यांनी कायमचं बोलणं टाकलं होतं.

पुढे तो सहकारी कार अपघातात गेला. मस्कतमध्ये त्याचं कुणीच नव्हतं. मृतदेह गावी न्यायच्या परवानग्यांसाठी हेच धावले आणि शवपेटी घेऊन थेट चिपळूणला त्याच्या घरी गेले.

ते परतल्यावर मी विचारलं, “तुमचं तर वैर होतं ना?”

“होतंच. पण शत्रूच्या प्रेताचाही मान राखावा लागतो,” ते म्हणाले. “त्याच्या वडिलांनी विचारलं, तुम्ही त्याचे मित्र ना? मी हो म्हटलं.”