चार आणि तीन, तीन आणि चार

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर, डोंगरातल्या त्या शाळेत पहिलीला बेरीज शिकवण्यात मेतिल्दिसबाईंचा हात कुणी धरू शकत नसे. बुधवारी मात्र त्या हातानं जरा जास्तच मोकळीक घेतली. फळ्यावरचे आकडे डोक्यात शिरेनात, म्हणून बाईंनी पोरंच रांगेत उभी केली. वरच्या वाडीची चार, खालच्या वाडीची तीन. वरून मोजली, सात. मग खालून मोजली, सात.

"कुठूनही सुरू करा," बाई म्हणाल्या, "साताचे आठ होत नाहीत."

गुरुवारी साताचे तीन झाले होते. वरच्या वाडीचं एकही पोर आलं नव्हतं.

वरची वाडी आधी वसलेली. सणाला डुकराचा पहिला वाटा तिकडे जातो, मयतात पहिला हंबरडासुद्धा वरच्या बायकांचा. त्यात बाई खालच्या वाडीच्या सून. म्हणजे खालून मोजलं ते मुद्दामच, असं ठरायला एक कप कॉफी पुरली. चार पोरं कायमची गेली, तर शाळा नदीपलीकडच्या शाळेत विलीन होणार होती, आणि उरलेल्या तिघांना रोज ती नदी ओलांडावी लागणार होती. पावसाळ्यातली ती नदी बाईंनी पाहिली होती.

शनिवारी पान-सुपारी घेऊन त्या वर गेल्या. वरच्या चौघांतल्या एल्फ्रिदाचे आजोबा बोनिफासियुस ओट्यावरच होते. वरच्या वाडीत त्यांचा शब्द शेवटचा.

"या बाई. दम लागला वाटतं? खालून सुरुवात केली की लागतोच."

"आजोबा, मी आकड्यांचं बोलत होते, माणसांचं नाही."

"आकडे फळ्यावर होते. रांगेत माझी नात होती."

बाईंनी पान-सुपारी पुढे केली.

"तीन नि चार सात, हे मलाही कळतं हो," म्हातारा पान जुळवत म्हणाला. "पण वाटे घालताना एकूण किती, हे कोण विचारतं? आधी कुणाला, एवढंच विचारतात."

"मग शिकवू काय मी?"

"शिकवा की. मक्याचे दाणे घ्या, दाण्यांना आजोबा नसतात. सोमवारी धाडतो पोरं. रांग मात्र वरूनच."

बाई "बरं" म्हणाल्या. इतक्या चटकन म्हणाल्या की उतार संपेपर्यंत स्वतःवरच चरफडत होत्या.

सोमवारी चौघं आली. बाईंनी टेबलावर मक्याचे दाणे मांडले, एल्फ्रिदाच्या बाजूला चार, पलीकडे तीन.

"सात," एल्फ्रिदा म्हणाली.

बाईंनी दाण्यांची जागा बदलली. आता तिच्यासमोर तीन आले. एल्फ्रिदानं बोट उचललं, थबकली, मग टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि चारापासून मोजू लागली.

"इथून मोज की गं," खालच्या वाडीचा यान्सेन म्हणाला. "इथूनही सातच येतात. मी मोजलेत."

"तुझे येत असतील."

मग वरची बाकीची तिघंही एकेक करून वळसा घालून गेली. सगळ्यांचं उत्तर सात. बाई खडू हातात धरून उभ्या राहिल्या. कुणाचंच काही चुकलं नव्हतं, त्यामुळे दुरुस्त काय करायचं ते त्यांना कळेना.