त्यांच्या घराचा दिवस

निवृत्त झाल्यावर मी अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या बुद्धविहारात दुपारचा वर्ग सुरू केला, त्याला आता दोन वर्षं झाली. लोक विचारतात, सोनिवलीतला फ्लॅट सोडून रिक्षांचे धक्के खात अंबरनाथला कशाला जाता? मी म्हणते, वेळ जात नाही. खरं कारण वेगळं आहे. माझी आई शेवटपर्यंत अंगठा उठवत राहिली. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची पोरं शिकवली, पण तिला शिकवायला मला कधी सवड झाली नाही. ती गेल्यावर मला सवड मिळाली.

वर्गात पाच बाया होत्या. त्यांतल्या एकीची ही गोष्ट. वय अठ्ठावन्न. उल्हासनगरच्या कारखान्यांतून जीन्सचे गठ्ठे टेम्पोने तिच्या दारात यायचे आणि ती दिवसभर शिलाईचे सुटे धागे कापायची. कोऱ्या जीन्सचा रंग उतरतो, त्यामुळे तिची बोटं कायम निळी. वहीवर, पाटीवर, माझ्या पुस्तकांवरही तिचे निळे डाग असायचे आणि मी चिडायचे. मी चिडते लवकर, हे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा.

शिकवायची माझी पद्धत एकच होती, पहिलीची. कमळ, बदक, मग काना, मग वेलांटी. एकदा ती हसून म्हणाली, "बाई, या वयात बदक शिकून मी काय करू? मला आपला ग्रंथ वाचायचाय."

"आधी बदक, मग ग्रंथ," मी म्हणाले.

ग्रंथाचं कारण मला माहीत होतं. पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या तीन महिन्यांत आमच्याकडे रोज संध्याकाळी विहारात धम्मग्रंथाचं वाचन होतं. दर दिवस एकेका घराचा, घराचं पानही दरवर्षी तेच. त्या घरातून खीर येते आणि त्याच घरातलं कुणीतरी वाचतं. तिच्या घराचा दिवस वर्षानुवर्षं तिचा नवरा वाचायचा. आवाज असा की रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत, असं सगळे सांगतात. मग त्याला लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यांना मूलबाळ नाही. गेल्या वर्षी त्यांच्या घराचा दिवस आपण वाचायचा आणि त्याने तो समोर बसून ऐकायचा, एवढंच तिला हवं होतं. ती वर्गात आली ती त्यासाठीच.

तो दिवस आठवड्यावर आला तेव्हा तिने पांढऱ्या कापडात गुंडाळलेला घरचा ग्रंथ वर्गात आणला. "बाई, वाचून दाखवू?"

तिने एक पान वाचलं. कुठे अडली नाही. 'प्रज्ञा', 'करुणा', 'सम्यक' असे शब्द तिने सहज म्हटले. क्षणभर मला अभिमान वाटला, खोटं का बोलू. पण लगेच संशय आला. काल 'ट्रक' शब्दावर दहा मिनिटं घुटमळलेली बाई आज असं वाचते? मी दुसरं पान काढलं. तिला जमेना. परत पहिलं पान काढलं, मधल्या एका शब्दाच्या मागचंपुढचं माझ्या हातांनी झाकलं आणि विचारलं, "हा शब्द कोणता?"

 ती ओठातल्या ओठात ओळ पहिल्यापासून म्हणू लागली, त्या शब्दापर्यंत पोचण्यासाठी. मी तिला थांबवलं.

"ताई, हे वाचन नाही, हे पाठांतर आहे. पाठ केलेलं म्हणायचं आणि लोकांना वाटायला लावायचं की वाचता येतं, ही फसवणूक झाली. पुढच्या वर्षी वाचा."

बाकीच्या चौघी खाली बघत होत्या. तिने ग्रंथ मिटला, कापडात नीट बांधला आणि "बरं बाई" म्हणाली.

त्यांच्या घराच्या दिवशी शेजारच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीने त्यांच्यातर्फे वाचलं. फार छान वाचलं. दोघांनी उचलून तिच्या नवऱ्याला प्लास्टिकच्या खुर्चीवर आणून बसवलं होतं. तो वाचणाऱ्या मुलीकडे बघतच नव्हता. सगळा वेळ तो बायकोकडे बघत होता आणि ती खिरीच्या पातेल्याशी मान खाली घालून बसली होती. मला ते दिसलं होतं. तरी मी बरोबर वागले, असंच मला वाटत होतं.

त्यानंतर ती वर्गाला आली नाही. प्रौढ माणसं अशीच, चार दिवस उत्साह आणि मग कारणं, असं मी बाकीच्यांना म्हणालेसुद्धा.

थंडी सरता सरता तिचा नवरा वारला. पुण्यानुमोदनाच्या विधीला मी गेले. माणसं पांगल्यावर तिने मला चहा दिला. बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून मी त्याच्या रिकाम्या लोखंडी खाटेवर बसले. उशाशी तोच ग्रंथ होता. हाताला चाळा म्हणून मी तो उघडला, तर तेच पान निघालं. पानातल्या प्रत्येक शब्दाखाली निळा डाग होता. एक नव्हे, एकावर एक, कितीतरी. खालच्या कोपऱ्यात तर कागद जांभळा पडला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"रोजचं बोट फिरून झालंय ते," ती म्हणाली. "गठ्ठा संपला की मी यांच्यापाशी बसायची. ग्रंथ दोघांना दिसंल असा धरायची न् एकेका शब्दावर बोट ठेवून वाचायची. चुकली की हे डाव्या हातानं खाटेवर टकटक करायचे. म्हणजे परत बघ. बोलता येत नव्हतं ना. कधी कधी एकाच शब्दाला दहा वेळा टकटक. आम्ही हसायचो पण."

"मग तुम्ही मला तेव्हा सांगितलं का नाही?"

"काय सांगणार बाई? पाठ पण झालंच होतं. इतक्या वर्षांचं कानात होतं. तुम्ही वर हात ठेवलात न् माझ्या डोळ्यांपुढं अंधारच आला."

मला शरम वाटली. तिने काय केलं होतं ते आता मला कळत होतं. कानात होतं ते ती बोटाने डोळ्यांपर्यंत आणत होती. मूल माझ्याकडे काहीच न घेता येतं, ही बाई सगळं घेऊन आली होती, फक्त अक्षरं तेवढी लावायची बाकी होती. आणि तिला योग्य तो शिक्षक घरीच मिळाला होता. तो न बोलता शिकवत होता आणि चुकलं की परत बघायला सांगत होता, उद्या ये म्हणत नव्हता. मी तिला पुढच्या वर्षीचा वायदा दिला. ऐकणाऱ्याकडे तेवढे दिवस आहेत का, हे मी विचारलंसुद्धा नाही.

या वर्षी त्यांच्या घराचा दिवस आला. मी तिच्याकडे गेले, हात जोडले आणि म्हणाले, "ताई, तुमचं पान तुम्ही वाचा. कुणी काही म्हणणार नाही."

"नको बाई. मला त्यांच्यापुढं वाचायचं होतं. लोकांपुढं नव्हतं." मग म्हणाली, "तुम्ही वाचा आमच्या घराकडून."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. संध्याकाळी मी विहारात तिचाच ग्रंथ उघडून बसले. ती पुढच्या सतरंजीवर, माझ्यापासून दोन हातांवर होती. मी वाचू लागले. एकतीस वर्षांच्या सवयीने माझा आवाज खणखणीत निघाला. पण त्या निळ्या ठशांवरून डोळे फिरवताना अक्षरं पुसट होऊ लागली. पानाच्या मध्यावर मी एक शब्द गाळला आणि तशीच पुढे गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

समोरून फरशीवर बोटाची दोनदा हलकी टकटक ऐकू आली.

मी थांबले, मागे गेले आणि तो शब्द परत वाचला.