बेबीताईच्या कमरेची किल्ली

आमच्या बोरखिंडीत नवा माणूस चढून आला की त्याला आधी चहा विचारतात. चहाला नाही म्हटलं की समजायचं, हा काही द्यायला आलेला नाही, न्यायला आला आहे. त्या फोटोवाल्यानं दोनदा नाही म्हटलं.

मारेगावकडून येणारी गाडी टेकडीखाली थांबते, पुढं अर्धा तास चढण. वर चाळीस घरं आणि मधोमध दगडी गिरजाघर. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका गोऱ्या साहेबानं बांधलं. इतक्या उंचावर काहून बांधलं, कोणाला ठाऊक नाही. माझी सासू सांगायची, साहेबाचा घोडा तिथं बसला आणि उठेचना.

या गिरजाघराची किल्ली बेबीताईकडं. नवरा शांतवन तिथला राखणदार होता. तो तापानं गेला, तेव्हा किल्ली आणि गिरजाघराच्या मागच्या भिंतीला लागून असलेली एक खोली, एवढंच तिच्याकडं राहिलं. किल्ली वीतभर लांब, लोखंडी. ती कमरेला काळ्या दोऱ्यानं बांधलेली असते, बेबीताई वाकली की खणकन वाजते. आमच्या कोंबड्याही तो आवाज ओळखतात.

गावात किरिस्तावांची तीन घरं होती. दोन बल्लारपूरकडं कामाला गेली, ही एकटी उरली. तरी दर रविवारी आतली घंटा वाजवायची, पुढच्या बाकावर बसायची आणि सगळी गाणी तोंडपाठ म्हणायची. मी एकदा विचारलं, "एकटीच कोनासाठी गातं व?"

"तू ऐकतं ना भिंतीपलीकडून," ती म्हणाली. "मंग एकटी कशी?"

तिची एक खोड, ती खोटं बोलत नाही. माझ्या मुलीला पाहायला पाहुणे आले, त्यांनी शेजारीण म्हणून हिला विचारलं, पोरगी कशी आहे. ही म्हणाली, "चांगली हाय, पण रागीट हाय." मी चार महिने तिच्याशी बोलले नाही. सोयरीक झाली. जावई अजून म्हणतो, बेबीमावशीनं आधीच सांगितलं होतं, चूक माझीच.

पुढं पुढं तिनं एक उपाय काढला. खरं सांगायचं नसलं की ती खर्रा तोंडात भरायची. सुपारी-तंबाखूचा तो तोबरा एकदा गालात गेला की माणूस नुसती मान हलवतं, आणि मान हलवणं म्हणजे काही बोलणं नाही, असं तिचं म्हणणं.

आता त्या वर्षाचं सांगते. कापसाच्या पडत्या काळातलं ते वर्ष. सरकारी खरेदी सुरूच होईना, व्यापारी तोंडाला येईल तो भाव सांगायचे, म्हणून कापूस घराघरात पडून. आम्ही कापसावर झोपायचो, कापसाशेजारी जेवायचो. लेकरांच्या अंगाला खाज सुटली. पौषात लालीबाईच्या चुलीची ठिणगी ढिगात उडाली. गोधड्या टाकून विझवलं म्हणून घर राहिलं.

त्या दिवशी मीच बेबीताईकडं गेले. म्हटलं, "तुह्या गिरजाघरात चूल नाही, गळत नाही, दगडाच्या भिंती हायेत. कापूस ठेवू दे."

तिनं दिवसभर हो म्हटलं नाही. कारण नाताळात यवतमाळहून आलेल्या पाळकसाहेबांनी नागपूरच्या मिशनचा हुकूम वाचून दाखवला होता. गिरजाघरात प्रार्थनेशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही, ठेवलं तर किल्ली आणि खोली दोन्ही परत करायची. त्या खोलीशिवाय तिला दुसरं छप्पर नव्हतं. हे मला माहीत होतं आणि तरी मी विचारलं. संध्याकाळी तिनं कमरेची किल्ली सोडली. आधी माझा कापूस गेला, मग लालीबाईचा, मग सगळ्या गावाचा. तिच्या बसण्यापुरता घंटेजवळ एक बाक मोकळा ठेवला.

आणि माघात हा फोटोवाला आला. साकेत नाव सांगितलं, नागपूरचा म्हणाला. गळ्यात दोन कॅमेरे. गिरजाघरासमोर उभं राहून फोटो काढला असता तर कोणी काही म्हटलं नसतं. हा आधी मागच्या भिंतीकडं गेला. मग पावलं मोजत चारी बाजूंनी फिरला. खिडक्या मोजल्या, वहीत लिहिल्या. बेबीताईच्या खोलीचाही फोटो काढला.

लालीबाई माझ्या कानाशी आली. तिचं माहेर वणीकडं. "हे कोळशाच्या खदानवाले असंच करतेत," ती म्हणाली. "माह्या बापाच्या घराचा पयले फोटो काढला, मंग भिंतीवर लाल रंगानं नंबर टाकला. मंग भिंतच राह्यली नाही."

रूपसिंग बंजारा तांड्यावरचा, आमच्या शेताशेजारचा शेतकरी, त्याचाही कापूस आत होता. तो म्हणाला, "खदानवाले जीपीत येतेत. हा पायी आला. हा मिशनचा हाय, कोनीतरी चुगली केली." असं म्हणून त्यानं लालीबाईकडं पाहिलं.

"माह्याकडं कायले पाहतं? माहा बी कापूस आत हाय ना."

मग सगळेच एकमेकांकडं पाहायला लागले. मीसुद्धा मनात हिशेब केला, मागच्या आठवड्यात खाली कोण कोण उतरलं होतं. कापूस आत ठेवायला सगळे एक होते, बाहेरचा माणूस येताच चाळीस घरांचे चाळीस संशय झाले.

साकेतनं विचारलं, "आजी, आतून पाहता येईल? किल्ली कोणाकडे असते?"

मी म्हटलं, "किल्ली हरवली."

त्याच वेळी रूपसिंग म्हणाला, "किल्ली यवतमाळले हाय."

आणि लालीबाई म्हणाली, "आत आग्यामोहळ बसलं हाय, जाऊ नका."

तो तिघांकडं बघत राहिला. बेबीताई दाराच्या पायरीवर बसली होती. गाल खर्ऱ्यानं फुगलेला, पदर कमरेवर घट्ट दाबलेला. त्यानं तिला विचारलं, "मावशी, तुम्हाला माहीत आहे का?" तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिच्या देवालाही कळलं नसेल.

साकेत थकून पायरीच्या कडेला बसला. म्हणाला, "तुम्ही मला कोण समजता ते मला माहीत नाही. मिशननं आपल्या जुन्या देवळांची, म्हणजे अशा गिरजाघरांची, यादी करायला सांगितली आहे. जे वापरात आहे ते ठेवणार, जे बंद पडलंय ते विकून टाकणार. आतला फोटो नसला तर मला 'बंद' असंच लिहावं लागेल."

"आणि मागची खोली?" मी विचारलं.

"ती देवळाबरोबरच जाईल."

आता आली का पंचाईत. दार उघडलं तर कापूस दिसणार आणि हुकुमाप्रमाणं खोली जाणार. नाही उघडलं तर गिरजाघरासकट खोली जाणार. रूपसिंग मला हळूच म्हणाला, "खोटं बोलून राह्यला. दार उघडून घ्याची युक्ती हाय." मलाही तसंच वाटलं. मी बेबीताईला डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा.

बेबीताई उठली. गटारीशी गेली. खर्रा थुंकला, लोट्यातल्या पाण्यानं चूळ भरली, तोंड पुसलं. मग पदर बाजूला करून किल्ली सोडली.

"किल्ली माह्याकडं हाय," ती त्याला म्हणाली. "हे तिघं खोटं बोलले ते माह्यासाठी. बंद नाही हाय हे. या."

दार उघडलं. पांढरा कापूस थेट खिडक्यांपर्यंत. रंगीत काचेतून ऊन पडून त्याचा एक कोपरा लाल झाला होता. घंटेजवळ तिचा तो एक बाक, बाकावर चटई.

साकेतनं वाकून चिमूटभर कापूस उचलला. मग म्हणाला, "हा कोणाचा?"

"गावाचा. मीच ठेवू देला."

त्यानं फोटो काढले. कापसाचे काढले, बाकाचे काढले, किल्ली हातात धरलेल्या बेबीताईचाही काढला. वहीत काय लिहिलं ते आम्हाला दाखवलं नाही. चहा तेव्हाही घेतला नाही. म्हणाला, पोटाचा त्रास आहे. हे आधी सांगितलं असतं तर निम्मा संशय वाचला असता.

ईस्टरला पाळकसाहेब चढून आले. तोवर कापूस विकला गेला होता, गिरजाघर आम्ही सगळ्या बायांनी झाडून काढलं होतं, तरी फटीफटीत धागे दिसत होते. साहेबांच्या हातात साकेतनं काढलेला कापसाचा फोटो. प्रार्थना झाली. मग ते बेबीताईच्या खोलीत बसले. मी दाराशीच होते, मला कोणी बोलावलं नव्हतं.

"मिशननं देऊळ वापरात आहे असं धरलंय," साहेब म्हणाले. "पण हुकूम मोडला, बेबीबाई. किल्ली द्या."

तिनं दिली. रडली नाही, विनवणी केली नाही. "खोली कधी खाली करू?" एवढंच विचारलं.

साहेबांनी किल्ली बाजूला ठेवली. मी चहा करून आणला. त्यांनी बशीत ओतून सावकाश प्याला, अर्धा कप आणखी मागितला. मग घड्याळ बघून घाईघाईनं उठले आणि टेकडी उतरून गेले.

कप उचलायला गेले तर बशीखाली किल्ली.

विसरले की ठेवून गेले, यावर बेबीताईचं आणि माझं आजपर्यंत पटलेलं नाही. ती म्हणते विसरले, परत मागतील, आपण द्यायची. म्हणून सात दिवस तिनं त्या किल्लीला हात लावला नाही, बशी होती तशीच तिच्यावर राहू दिली. मी म्हणते, वीतभर लांब लोखंडाची किल्ली छोट्या बशीखाली आपोआप जात नाही. दोन्ही टोकं बाहेर दिसत होती.

आठव्या दिवशी रविवार होता. मी सकाळी भाकरी थापता थापता कान देऊन होते. आधी खणकन आवाज आला, कोंबड्या पळाल्या, आणि मग घंटा वाजली.