मागाच्या खड्ड्यातलं पाणी आणि आमचे गवंडी

घर बांधून झालं की उरलेल्या विटा शेजारीपाजारी मागून नेतात. किस्से मात्र कुणी नेत नाही, ते आपल्याच घरात साठत जातात. आमच्या शहापूरच्या घराचे तर इतके साठलेत की एक सांगायला घेतला की दुसरा ‘मी, मी’ करत पुढं येतो.

आमचं घर विणकराचं. सोप्यात माग, मागाखाली खड्डा, आणि खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसलेले मामंजी, म्हणजे माझे सासरे. रस्त्याकडची भिंत मातीची. पावसाळा लागला की भिंत पाझरायची, रस्त्याचं पाणी उंबऱ्यावरनं आत यायचं आणि खड्डा भरायचा. मग माग बंद! सूत देणारे शेठजी दर पावसाळ्यात निरोप धाडायचे, "माग घेऊन माझ्या कारखान्यात या, कोरड्यात बसा." मामंजींचं उत्तर ठरलेलं. "दुसऱ्याच्या छपराखाली बसून विणणार न्हाई."

पण त्या वर्षी महिनाभर माग भिजत पडला. लाकूड फुगलं, ताणा कुजला. आणखी एक असा पावसाळा गेला असता तर कारखान्याची वाट धरावीच लागली असती. हे त्यांनाही कळत होतं, मलाही. म्हणून दिवाळी झाल्या झाल्या आम्ही भरवशाचा माणूस शोधायला लागलो.

*

पहिले आले लष्करी कॅम्पातले एक रिटायर्ड ओव्हरसिअर. डोक्यावर हॅट, काखेत गुंडाळी. आठ दिवसांनी त्यांनी प्लॅन आणून घोंगड्यावर पसरला. पोर्च, व्हरांडा, ड्रॉइंग-रूम. बघून मी तर हरखूनच गेले.

मामंजींनी कागदावरनं बोट फिरवत विचारलं, "माग कुठाय ह्यात?"

"माग परसात टाका. पुढं बरा दिसत नाही."

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घर झ्याक हाय. ह्यात ऱ्हायला माणसंबी तुम्हीच धाडणार न्हवं?"

ओव्हरसिअर चहा पिऊन गेले. प्लॅन इथंच विसरले. आत्याबाईंनी त्यावर वर्षभर पापड वाळवले.

*

मग निपाणीच्या पाव्हण्यांनी तिकडचा एक गवंडी धाडला. तंबाखूच्या वखारी बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, असं पाव्हणे सांगत होते. माणूस कामाचा होता, उगाच खोटं कशाला बोलू? सोप्यात शिरल्या शिरल्या त्यानं भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला, "पयल्यांदा ह्या खिडक्या बुजवायच्या."

"का रं बाबा?"

"उजेड लागला की मालाचा रंग जातोय."

"आरं, पण आम्हाला धागा दिसाय नको?"

त्यानं खिडकीतनं बाहेर डोकावून बघितलं. जन्मभर त्यानं उजेडाला बाहेर ठेवायचंच काम केलेलं. शेवटी म्हणाला, "मग कंदील लावा की."

आत्याबाईंनी त्याला भाकरी वाढली, आणि निपाणीच्या गाडीची वेळही सांगितली.

*

तिसरा गवंडी कंग्राळी गावचा. ह्यानं मात्र सगळं आमच्या मनासारखं कबूल केलं. नारळ फोडला, भिंतीच्या बुडाशी कुदळ मारली, निम्मी भिंत उकरली आणि गेला तो गेलाच. भगदाडाला बांबूच्या तट्ट्या लावून आम्ही बसलो. रस्त्यानं जाणारा जो तो तट्ट्या बाजूला सारून विचारायचा, "मामा, काम कुठवर आलं?"

शेवटी मामंजी चिडून कंग्राळीला गेले. जाताना म्हणाले, "आज त्याची गचांडी धरूनच आणतो."

दिवस मावळताना परत आले. गुडघ्यापर्यंत माती, खांद्यावर रताळ्यांचं पोतं.

"गवंडी कुठाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"रताळी काढाय माणूस मिळंना त्याला. म्हटलं, जरा हात लावू." पोतं खाली ठेवून मामंजी शांतपणे म्हणाले, "भुई मातुर लई चांगली हाय त्याची."

पुढं पंधरा दिवस घरात रताळी शिजत होती, आणि भगदाड होतं तिथंच.

*

मग आत्याबाईंनीच पदर खोचला. "आता गवंड्याला न्हाई बघायचं, त्याच्या बायकोला बघायचं."

वडगावात परशराम मिस्त्री म्हणून एक होता. मूळचा गुंजीकडचा, धो-धो पावसाच्या मुलखातला माणूस. त्याच्या बायकोला हळदीकुंकू द्यायचं निमित्त काढून आम्ही दोघी गेलो. तेवढ्यात वळीव कोसळला. बघतो तर काय, त्याच्याच घरात चार ठिकाणी गळती! बाई बिचारी तपेली सरकवत सरकवत आमच्याशी बोलत होती.

"अगं, तुझा नवरा मिस्त्री, आणि घराची ही दशा?"

"आक्का, लोकांच्या घरातनं सवड मिळंल तवा न्हवं? हातात घेतलेलं पुरं झाल्याबिगर दुसऱ्या कामाला हात लावत न्हाईत. घरात आले की जेवायचं, झोपायचं."

मला वाटलं, हाही गेला. पण आत्याबाई भिजत घरी आल्या आणि मामंजींना म्हणाल्या, "गवंडी गावला."

*

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला आणि भिंत पुरी होईपर्यंत एक दिवस चुकला नाही. दगड आणि चुना घालून पक्की भिंत उचलली. रस्त्याकडचं रुंद दार बुजवून बोळात नवं दार काढलं, अरुंद आणि उंच उंबऱ्याचं. खड्ड्यालाही आतनं दगड लावला. माग मात्र जागचा हलवला नाही. त्याला गोणपाटानं गुंडाळून त्याच्याभोवती काम केलं.

आषाढात पाऊस असा लागला की समोरचं घर दिसेना. मी मामंजींच्या पायांजवळ खड्ड्यात वाकून तळाला हात लावला. हाताला कोरडी धूळ लागली. मला रडूच आलं. वर मामंजींचा धोटा सपासप चालला होता.

अशा पावसात शेठजी छत्री घेऊन आले. भिंत बघितली, खड्डा बघितला, मान डोलावली. मग परत जाताना बोळातल्या दारात थांबले. दाराकडं बघितलं, मागाच्या चौकटीकडं बघितलं, पुन्हा दाराकडं बघितलं.

"अहो, पण काम चुकलं की हे! उद्या वेळ आली, माग कारखान्यात न्यायचा म्हटला, तर ह्या दारातनं बाहेर कसा येणार?"

मामंजींनी धोटा थांबवला नाही.

"पयल्या दिवशी मिस्त्रीला मी तेच विचारलं. ‘येणार न्हाई’ म्हणाला. म्हटलं, मग बांध."