नडगीचे दोन फोटो

कपाटाच्या खालच्या कप्प्यात एका पिवळ्या पाकिटात दोन एक्स-रे आहेत. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. दोन्ही फोटो माझ्या मुलीच्या डाव्या नडगीचे आहेत आणि दोन्हींवर तारीख आहे. तारखांमध्ये पंचवीस दिवसांचं अंतर. पहिल्या फोटोत काही दिसत नाही, दुसऱ्यात दिसतं. मधल्या दिवसांत ती चार सामने खेळली. ती खेळत असताना मी तिच्यावर, तिच्या प्रशिक्षकांवर आणि तालमीतल्या वस्तादांवर संशय घेत होते.

मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. ती शाळेच्या फुटबॉल संघात होती, एका अकादमीत जायची आणि आमच्या पेठेने नव्याने उभ्या केलेल्या मुलींच्या संघातूनही खेळायची. नवरा याच पेठेच्या संघात वाढलेला. आता तो शिरोलीला एका फाउंड्रीत तपासणी विभागात आहे. मी एका दैनिकात उपसंपादक आहे. घरात दोघांपैकी कोणालाही तीन संघ जास्त वाटले नाहीत. तिचं आठवड्याचं वेळापत्रक मीच तयार करून फ्रिजवर लावलं होतं. प्रत्येक प्रशिक्षक सांगायचा की मी मुलांना आठवड्यातून एक दिवस विश्रांती देतो, आणि ते खरं होतं. शाळा सोमवारी सुट्टी द्यायची, अकादमी बुधवारी, पेठेचा संघ शुक्रवारी. त्यामुळे तिच्या आठवड्यात एकही दिवस मोकळा नव्हता. ते रोज माझ्या नजरेसमोर होतं. पण मोकळी जागा राहिलेलं पान मला कधी आवडलेलं नाही, आणि ते वेळापत्रक मला नीट लागलेल्या पानासारखं दिसायचं.

त्या हंगामात कागलहून एक मुलगी पेठेच्या संघात आली. ती वेगवान होती. प्रशिक्षकाने तिला पुढे घेतलं आणि आमच्या मुलीला बचावात नेलं. हे झालं त्याच संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, हितं दुखालंय."

"कधीपासून?"

"लई दिवस झालं."

"मग आजच बरं आठवलं?"

ती काही बोलली नाही. प्रश्न विचारल्यावर समोरचा गप्प बसला तर त्यातही काहीतरी असतं, असं माझ्या कामात धरतात. मी तिच्या गप्प बसण्याची नोंद घेतली. जागा गेली त्याच दिवशी पाय दुखायला लागला, एवढ्या दोन गोष्टी मी जोडल्या आणि माझ्यापुरता निकाल लागला. तरी खात्री करायची सवय असल्यामुळे दुसऱ्या दिवशी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी फोटो काढला, प्रकाशासमोर धरला आणि म्हणाले, "फोटोत काही दिसत नाही." पुढेही ते काही बोलले. कागदावर लिहिलं, कागद पाकिटात घातला. मला कामावर पोहोचायचं होतं. ऑफिसच्या पायऱ्या चढताना मी नवऱ्याला फोन केला. "फोटो क्लीन आहे," एवढं सांगितलं आणि ठेवला.

त्यानंतर मी तिच्यावर लक्ष ठेवायला लागले. दूध आणायला पाठवायचे आणि गॅलरीतून पाहायचे. ती सरळ चालत जायची. घरात मात्र खुर्चीतून उठताना पाय आखडता घ्यायची. म्हणजे लंगडणं आपल्याला दाखवण्यासाठी आहे, असं मी ठरवलं. तिला तसं बोलले नाही. फक्त एकदा म्हणाले, "कागलच्या मुलीचा पाय नाही दुखत वाटतं." ती ताटावरून उठली नाही, पण जेवलीही नाही.

नवऱ्याला हे पटत नव्हतं. तो तिला तालमीत वस्तादांकडे घेऊन गेला. आमच्या पेठेत लचक असो, गोळा असो, आधी तालमीतच जातात. वस्ताद तेल लावून रगडतात. नवऱ्याचे दोन्ही गुडघे त्यांच्याच हाताखालून गेलेले. दोघं अर्ध्या तासात परत आले. वस्तादांनी तेलाची वाटी बाजूला ठेवून नडगीवरून एक बोट खाली आणलं होतं, एका जागी दाबलं होतं, आणि मुलीने त्यांचा हात झटकला होता.

"ह्याला मी हात लावणार न्हाई," ते नवऱ्याला म्हणाले. "मांसाचं दुखणं बोटासंगं फिरतं गड्या. हे एका जागी बसलंय. पोरीला परत दवाखान्यात दाखीव."

नवऱ्याने हे सांगितलं तेव्हा मला त्याचंही कारण सापडलं. महिन्याभरापूर्वी आमच्या दैनिकात हाडं बसवणाऱ्या वैदूंवर बातमी आली होती. वस्ताद पेपरवालीच्या मुलीला हात लावायला घाबरले, असं मी म्हटलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि विषय सोडला. मी घरातल्या वादांत पुरावा मागते आणि पुरावा माझ्या बाजूला होता. क्लीन फोटो.

पेठेचा संघ जिंकत होता. उपांत्य सामन्याआधी चौकात डिजिटल फलक, म्हणजे मोठा छापील फ्लेक्स, लागला. त्यावर अकरा मुलींचे चेहरे, मागे वाघाचं चित्र आणि खाली पेठेतल्या सगळ्या कार्यकर्त्यांची नावं. आमची मुलगी डावीकडून तिसरी होती. फलकावर फोटो लागल्यावर खेळाडूने सामन्यातून बाहेर बसायचं नसतं. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण पेठेत सगळ्यांना तो माहीत आहे.

उपांत्य सामना त्यांनी जिंकला. मी त्या दिवशी लवकर सुटले होते. सामना संपल्यावर मैदानाच्या प्रेक्षक गॅलरीच्या टोकाला, पायऱ्यांच्या खाली, खांबाच्या आड उभी होते. लपण्यासाठी असं नाही. पण मी तिथे आहे हे मुलीला माहीत नव्हतं. मैत्रिणी पुढे निघून गेल्यावर ती कपडे बदलायच्या वरच्या खोलीतून एकटी पायऱ्या उतरायला लागली. भिंतीला हात लावून, आडवी होऊन, प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय ठेवायची आणि मग उजवा त्याच्या शेजारी आणायची. म्हातारी माणसं उतरतात तसं. बावीस पायऱ्या होत्या. अठराव्या पायरीवर तिने मला पाहिलं. भिंतीवरचा हात काढला, पाठ ताठ केली आणि उरलेल्या चार पायऱ्या ती नेहमीसारखी उतरली.

मी हिशेब केला होता तो उलटा होता. नाटक करणारा माणूस कोणी पाहिलं की लंगडतो. ती मला पाहून लंगडायची थांबली होती.

संशय गेला नाही, त्याने फक्त दिशा बदलली. आता मला वाटायला लागलं की तिला कोणीतरी खेळायला भाग पाडत आहे, गोळ्या देत आहे. मी तशीच मैदानाच्या कडेला पेठेच्या प्रशिक्षकाला गाठलं. तो नवऱ्याबरोबर खेळलेला, मला वहिनी म्हणतो.

"तिला खेळण्याआधी काय देता?"

"पाणी," तो म्हणाला. "आन् शिव्या. तेबी सगळ्यास्नी सारख्याच."

"तिचा पाय दुखतोय हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"व्हतं की. म्हणून तर मागं घेतलो तिला. पुढं लई पळावं लागतंय. म्हटलं, फोटो बघून ठरवू."

कागलच्या मुलीमुळे तिची जागा गेली नव्हती. पाय दुखतो म्हणून तिला मागे घेतलं होतं आणि त्यानंतर तिने ते घरी सांगितलं होतं. जोडलेल्या दोन गोष्टी बरोबर होत्या, क्रम चुकला होता.

"मग फोटो बघितला का?"

"मी काय डॉक्टर हाय व्हय वहिनी? तिचं पप्पा म्हटलं, फोटो क्लीन हाय. शाळंच्या सरांचा फोन आला, त्यास्नी मीच सांगितलो. क्लीन हाय, खेळवा."

घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं, फोटो क्लीन असल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?

"तूच की," तो म्हणाला. "ऑफिसातनं फोन केलीस. दुसरं काय बोलायच्या आत ठेवलीस."

एखादी बातमी तीन ठिकाणांहून आली तर ती पक्की धरायची, पण तिन्ही ठिकाणांचा मूळ माणूस एकच नाही ना हे आधी पाहायचं. हे मी नव्या मुलांना शिकवते. इथे शाळा, पेठ आणि घर, तिघांचा मूळ माणूस मी होते.

मी पिवळं पाकीट काढलं. फोटोच्या मागे डॉक्टरांचा कागद होता, पहिल्या दिवसापासून. त्यावर चार ओळी होत्या. फोटोत काही नाही. नडगीवर एका ठिकाणी दाबल्यावर तीव्र वेदना. तीन आठवडे धावणं पूर्ण बंद. दुखणं राहिलं तर पुन्हा फोटो, कारण अशी भेग सुरुवातीला दिसत नाही.

हे सगळं डॉक्टर माझ्यासमोर बोललेही होते. मी ते ऐकलं होतं. बातमी पानात बसत नसेल तर ती खालून कापतात, कारण महत्त्वाचं ते वर असतं अशी लिहिण्याची पद्धत आहे. एकोणीस वर्षं मी रोज तेच करते. डॉक्टरांच्या चार ओळींतली पहिली ठेवली आणि तीन कापल्या.

मुलगी पलंगावर बसली होती.

"डॉक्टर धावू नको म्हणाले होते. तू ऐकलं होतंस ना?"

"तूबी ऐकलीस की," ती म्हणाली. "तू कुणालाच काय सांगितली न्हाईस. मला वाटलं, तुला खरं वाटंना."

"मग मला पुन्हा सांगायचं."

"किती वेळा सांगू?" ती म्हणाली. "आन् फलक लागल्यावर भाईर कशी बसू मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही तिघं दारात होतो. अंतिम सामना त्याच्या दुसऱ्या दिवशी होता. या वेळी फोटोत मला काय पाहायचं ते डॉक्टरांना दाखवावं लागलं नाही. हाडाच्या कडेला फुगवटा होता आणि त्यातून आत जाणारी एक बारीक काळी रेघ. स्ट्रेस फ्रॅक्चर, ते म्हणाले. ही भेग एका फटक्याने पडत नाही. रोजच्या धक्क्याने हाड थोडं झिजतं, विश्रांती मिळाली तर भरतं, नाही मिळाली तर असं. भेग अजून आरपार गेलेली नाही. यावर उद्या खेळली असती तर गेली असती, आणि मग आत सळई घालावी लागली असती.

नवरा बराच वेळ रेघ पाहत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "आमच्याकडं फाउंड्रीत नुसत्या डोळ्याला क्लीन दिसलेला माल पास करत न्हाईत. रंग लावून भेग बघतोय आम्ही. आन् घरात..."

अंतिम सामना मुलीने गॅलरीत बसून पाहिला, कुबड्या शेजारी ठेवून. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "काय वो, फलकावर वाघीण आन् ग्यालरीत मांजर!" ती वळून म्हणाली, "खाली उतरून तू खेळ की मग!" लोक हसले. संघ एका गोलाने हरला.

पेठेत पुढचे काही दिवस एक गोष्ट फिरत होती. किराणा दुकानात मी ती स्वतःच्या कानांनी ऐकली. कागलची पोरगी पुढं घेतली म्हणून आईनं रुसून पोरीला बसवली, पाय-बिय सगळं नाटक. शब्द जवळजवळ माझेच होते. हे मी घराबाहेर कोणाला बोलले नव्हते, तरी ते आपोआप तयार झाले होते. नवरा मोबाइलमध्ये दुसऱ्या फोटोचा फोटो ठेवून फिरायचा आणि चौकात लोकांना दाखवायचा. काहींनी रेघ पाहिली. काहींनी विचारलं, कशावरून हा तिचाच पाय?

चार महिन्यांनी ती पुन्हा पळायला लागली. आता एकच संघ, पेठेचा, आणि तोही आठवड्यातून चारच दिवस. वेळापत्रकात तीन चौकटी मोकळ्या आहेत आणि मी त्यांत काही लिहीत नाही.

ती दुखतंय म्हणाली तर मी आता लगेच विश्वास ठेवते. दुखत नाही म्हणाली तर ठेवत नाही. अठराव्या पायरीवर तिने हात कसा काढला ते मी पाहिलं आहे. म्हणून सरावानंतर ती सोफ्यावर येते, न सांगता डावा पाय माझ्या मांडीवर टाकते आणि टीव्ही लावते. मी वस्तादांसारखं एक बोट नडगीवरून खाली आणते, त्या जागी दाबते आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहते.

"दुखत न्हाई," ती म्हणते.

मी बोट उचलत नाही.

"पायाकडं बघ की आई. तोंडाकडं काय बघालीस?"